इंदूरचा मेल आणि काकांच्या हातातली वायर

गुरुवारी आमच्या मंडळात जे झालं ना... अजून विश्वास बसत नाहीये यार. लिहूनच टाकतो.

इकडे हिंदी मुलखात, सोनागिरी कॉलनीत आमचं छोटंसं मराठी मंडळ आहे. किराणा दुकानाच्या वर एक खोली, दोन कपाटं आणि सतरंज्यांचा ढीग. तिथे एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून मी मंडळाचा स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे मेलचं घरचं पोस्ट ऑफिस, बसवलाय. हो, मीच! बीसीएमध्ये लटकलेला बंटी. व्हिडिओ बघून बघून केला, चार वेळा सगळं उडवलं, पण चालला.

कल्पना दामले काकांची. काका मंडळाचे अध्यक्ष, कारखान्यातून रिटायर्ड. त्यांचं म्हणणं, आपल्या मंडळाचा पत्ता आपल्याच घरचा पाहिजे. मी म्हटलं, बसवतो... फक्त हा डब्बा कधी बंद करायचा नाही.

तर गुरुवारी दुपारी मंजिरी वहिनी धावतच आल्या. वहिनींनी यंदा स्वतः एकांकिका लिहिलीय, पहिल्यांदाच. इंदूरच्या स्पर्धेला मंडळाच्या मेलवरून एंट्री गेली होती. त्यात भाऊंची, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, बदली झालीय, पुढच्या महिन्यात घर हलणार. म्हणजे हे नाटक आत्ता नाही तर कधीच नाही.

आमच्याच शहरातल्या शाहपुऱ्याच्या नाटक ग्रुपला निवडीचा मेल कालच आला होता म्हणे. मेलमधल्या लिंकवर आज पाचपर्यंत कन्फर्म करायचं, नाहीतर नंबर वेटिंगवाल्यांना. आमच्याकडे मेलच नाही!

वहिनींनी इंदूरला फोन लावला. तिकडचा माणूस थंडपणे म्हणाला, "मॅडम, आपका सिलेक्शन हुआ है, मेल कल निकल गया. लिंक सिस्टम से जाती है, हमारे हाथ में कुछ नहीं."

मी जिना चढून वर गेलो... आणि बघतो तर सर्व्हर मेलेला. मेन स्विचच बंद!

काकांनी काल कुलूप लावताना सवयीने मेन स्विच खाली केला होता. त्यांचं बरोबरच आहे हो, आपल्याकडे घराबाहेर पडताना पंखा, गीझर, मेन... सगळं बंद करून, परत एकदा बघून मगच लोक निघतात. त्यात सर्व्हर पण गेला.

नाटकातल्या बायका जमल्याच होत्या. सगळ्या काकांवर तुटून पडल्या. "अहो काका, बंटीने सांगितलं होतं ना!" काका नुसते चष्मा पुसत बसले.

मी सर्व्हर चालू केला आणि सांगितलं, थांबा, अजून खेळ संपलेला नाही. समोरचा सर्व्हर बंद असला तर पाठवणारा मेल फेकून देत नाही. स्वतःकडे ठेवतो आणि मधून मधून परत ट्राय मारतो, चार-पाच दिवस तरी. इंदूरवाला पण ट्राय मारत असणार... फक्त आता कधी मारेल, ते त्यालाच माहीत.

मग मी स्क्रीनवर लॉग उघडला. म्हणजे आपल्या सर्व्हरच्या दाराशी कोण आलं, कोण गेलं, त्याच्या ओळी सरकत राहतात. अख्खं मंडळ त्या काळ्या स्क्रीनकडे मॅच बघितल्यासारखं बघत बसलं.

एक ओळ सरकली की वहिनी उडायच्या. "आला?"

"नाही वहिनी, हा कोणीतरी चोर आहे. पासवर्ड ओळखायला बघतोय."

"आपल्याकडे चोरायला आहे काय? सतरंज्या?"

चार वाजून गेले तरी इंदूरचा पत्ता नाही. वहिनींचे डोळे भरायला लागले, काका कोपऱ्यात एवढंसं तोंड करून बसलेले. आता अशा वेळी माझा किडा वळवळतोच, काय करू...

मी एकदम सीरियस तोंड करून कपाटातली जादाची पिवळी लॅनची, म्हणजे नेटची, वायर काकांच्या हातात दिली. "काका, ही खिडकीत जाऊन वर धरा. इंदूरकडे तोंड करून. सिग्नल खाली सांडतोय."

आणि काका उठले की हो! खिडकीत उभे राहिले, हात वर, मान ताठ. मध्येच विचारतात, "इंदूर असं, की जरा डावीकडे?" मी म्हटलं, "थोडं देवासच्या बाजूला घ्या." सगळ्या बायका पदर तोंडावर धरून हसायला लागल्या. वहिनी सुद्धा.

आणि तेवढ्यात, आईशप्पथ सांगतो, लॉगमध्ये इंदूरचं नाव! मेल आत!

अशी काही बोंब मारली मी की खालचा दुकानदार वर आला, "क्या हुआ मियां, आग लगी क्या?" वहिनींनी लिंक दाबली... कन्फर्म! पाच वाजायच्या आत! मग जो गोंधळ... वहिनी रडतायत, हसतायत, काकांच्या पाया पडतायत. आणि काका अजून वायर धरूनच उभे.

नंतर चहा पिताना काका हळूच माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "गधड्या, आयुष्यभर कारखान्यात केबल टाकल्यात मी. वायरीतून सिग्नल सांडत नसतो."

मी विचारलं, "मग धरली कशाला?"

"चूक माझी होती. पोरीचं रडं तर थांबवता येत होतं ना मला."

मला वाटत होतं मी काकांची खेचतोय... आणि ते माझ्याच गमतीतून वहिनींना हसवत होते. थँक यू काका, मनापासून.

नाटक पुढच्या आठवड्यात आहे लोकहो, जमेल त्यांनी इंदूरला या. मी लाइट्सवर आहे. काही उपद्व्याप करणार नाही असं वहिनींनी माझ्याकडून वदवून घेतलंय... काकांकडून घ्यायचं मात्र विसरल्या.