गाडीजवळ थांबणारे अण्णा

अण्णा गेले त्याला आता सहा आठवडे झाले. मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये खाली औषधांच्या दुकानापुढे मी रांगेत उभी होते, चिठ्ठी हातात होती आणि प्रशांतचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "सुजाता, औषधं नको घेऊस. वर ये." एवढंच. मला कळलं. मागच्या बाईंना "तुम्ही व्हा पुढे" म्हटलं आणि जिन्याने वर गेले. लिफ्टसाठी थांबायचं सुचलंच नाही. हृदयाचा दुसरा झटका होता, वय एकाहत्तर. आदल्या संध्याकाळी मी भेटले तेव्हा स्वतःच्या तब्येतीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. "गाडी कुठं लावली? गेटसमोर नको लावू, उचलून नेतात," असं मात्र म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

अण्णा माझे सासरे. जालन्याकडच्या एका खेड्यातून विशीत मुंबईला आले, विक्रोळीला मामाच्या खोलीत राहिले, गाडी शिकले आणि अंधेरीच्या एका साहेबांच्या घरी ड्रायव्हर म्हणून लागले. तीस वर्षं तिथेच काढली. साहेबांचं कुटुंब हौशी, दर सुट्टीला कुठे ना कुठे निघायचं. त्यामुळे मी लग्न होऊन घरात आले तेव्हा मला वाटायचं, आमच्या अण्णांनी अर्धा देश पाहिलाय. कुठल्याही गावाचं नाव काढा, अण्णा जाऊन आलेले. "हंपी? पार्किंगला सावली नाही तिथं. लिंबाचं एकच झाड, त्याखाली बस लागलेली असते." उदयपूरला पंक्चरवाला कुठे बसतो, महाबळेश्वरला कुठल्या टपरीवर चहा बरा मिळतो, हे सगळं त्यांना पाठ. आम्ही हसायचो. मीही हसायचे. या माणसाने सगळीकडचं फक्त पार्किंग पाहिलंय, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात शिरलं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते कुणाकडून तरी मागून आणलेल्या गाडीतून मला घाटकोपरला शाळेत सोडायला निघाले, मी तिथे ऑफिसात काम करते. मी आपलं सवयीने मागचं दार उघडलं आणि मागे बसले. त्यांनी आरसा जरासा नीट केला आणि गाडी सुरू केली.  मला ते आठवलं की आजही कान गरम होतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कच्छला गेलो. कल्पना तन्वीची, आमच्या मुलीची. तिने मोबाइलवर कडिया ध्रोचा व्हिडिओ पाहिला होता. रुक्ष माळ, त्यात नदीने कापलेली तांबडी-पिवळी घळ, आणि तळाशी पाणी. "मम्मी, हे आपल्याकडचं कॅनियन आहे, चल ना यार!" प्रशांतने नुकतीच गाडी घेतली होती. तो म्हणाला, जायचं तर आई-अण्णांना घेऊन जायचं, आणि अण्णांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्यांचे हात रिकामे राहिले तर ते त्यालाच गाडी चालवायला शिकवत बसतील, म्हणून त्याने आपला जुना कॅमेरा काढून त्यांच्या गळ्यात घातला. अण्णा आठवडाभर आमच्या सोसायटीतल्या मांजरांचे आणि खाली लावलेल्या रिक्षांचे फोटो काढत फिरले. कॅमेरा धरायचे तो स्टिअरिंग धरावं तसा, दोन्ही हातांनी, घट्ट.

पहाटे घोडबंदरमार्गे निघालो. अण्णा पुढच्या सीटवर. प्रत्येक ट्रकमागे त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मागून आई म्हणाल्या, "अहो, पाय वर घ्या, गाडीला भोक पडंल." सगळे हसलो, पण ते हसणं काही फार टिकलं नाही. दुपारी ढाब्यावर आम्ही टेबलाशी बसलो आणि बघतो तर अण्णा पलीकडे, जिथे बाकीचे ड्रायव्हर जेवत होते, तिथे जाऊन बसलेले. प्रशांत उठून त्यांना घेऊन आला. दुसऱ्या दिवशी अहमदाबादजवळ पायऱ्यांची विहीर बघायला उतरलो. अण्णा म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी आहे गाडीजवळ." मांडवीला समुद्रावर तेच. सकाळी आम्ही आंघोळी करून खाली यायच्या आत त्यांनी काचा पुसलेल्या असायच्या आणि तन्वी आली की ते तिच्यासाठी दार उघडून उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी तसं दार धरलं आणि हॉटेलच्या माणसाने प्रशांतला सहज विचारलं, "आपके ड्रायव्हर के लिए अलग चाय भेज दूँ?"

प्रशांतने गाडीत बसून दार लावून घेतलं. मग फुटला. "अण्णा, काय चाललंय तुमचं? मी तुम्हाला फिरायला आणलंय! तुम्ही ड्रायव्हर नाही आहात आता. लोकांना काय वाटतं माहितीये? की मी बापाला नोकर म्हणून फिरवतोय!"

अण्णा समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "ड्रायव्हरकीवरच तुझं इंजिनिअरिंग झालं."

त्यानंतर दिवसभर दोघांत एक शब्द नाही. आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. तन्वीने कानात इअरफोन घातले. मला वाटलं, झालं, ट्रिपची वाट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडिया ध्रोला पोचलो. शेवटचा रस्ता खडकाळ, गाडी एका बाभळीपाशी ठेवून पुढे पायीच जायचं. चिटपाखरू नव्हतं. हवा कोरडी, ऊन अजून कोवळं. अण्णांनी आजूबाजूला बघून दोन दगड उचलले, मागच्या चाकांना लावले आणि म्हणाले, "या जाऊन." प्रशांतने मान वळवली आणि तो आईंचा हात धरून चालायला लागला. थोडं अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या. मी किल्ली घेऊन एकटी मागे आले. अण्णा बाभळीच्या सावलीत उकिडवे बसले होते, कॅमेरा गळ्यात. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. म्हटलं, "अण्णा, इथे गाडी चोरायला कोण येणारे? खरं सांगा ना."

त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला. मग म्हणाले, "वेरूळला गेलो होतो साहेबांना घेऊन. माझ्या गावापास्नं किती लांब? काहीच नाही. पण आधी कधी जाणं झालं नव्हतं. मंडळी कैलास लेण्यात गेली. म्हणलं, दोन तास तरी येत नाहीत. दहा नंबरच्या लेण्यात बुद्धाची मोठी मूर्ती आहे म्हणून ऐकलं होतं... म्हणलं, पाया पडून येऊ. चपला काढल्या, उंबऱ्यापाशी पोचलो, तेवढ्यात वॉचमन पळत आला. साहेबांच्या नातवाला ऊन लागलं होतं, सगळे गाडीपाशी उभे, आणि किल्ली माझ्याजवळ."

"मग?"

"मग काय. साहेबांच्या बाई म्हणाल्या, तुला इथं लेणी बघायला आणलंय का? सगळ्यांसमोर. पोरगं तापलं होतं, बरोबरच होतं त्यांचं. पण तेव्हापास्नं गाडी सोडून लांब गेलो की वाटतं, आता मागून कुणी पळत येतंय बघ. साहेब वारले, बाई वारल्या, नातू अमेरिकेत आहे... तरी वाटतं."

 मला त्या बाईंचा राग आला, आणि त्याच्या जोडीला आपण मागच्या सीटवर बसलो होतो तेही आठवलं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. "अण्णा, ही तुमच्या घरची गाडी आहे. तुम्ही लॉक करा आणि किल्ली तुमच्याच खिशात ठेवा. आज तुमच्या आधी कोणीच गाडीपाशी येणार नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठले. बाटल्या काढल्या, गाडी लॉक केली, चारी दारांची हँडलं ओढून पाहिली, डिकी पाहिली. शर्टाच्या खिशात किल्ली ठेवून वरून बटण लावलं. आणि निघाले. पहिली शंभर-दीडशे पावलं चालून झाली असतील, त्यांनी पाच-सहा वेळा मागे वळून पाहिलं. मग वाट खाली वळली, गाडी दिसेनाशी झाली. ते क्षणभर थांबले, खिसा चाचपला... आणि खाली उतरले.

प्रशांतने आम्हाला येताना पाहिलं. तो दहा-बारा पावलं वर चढून आला आणि त्याने हात पुढे केला. अण्णांनी तो धरला.

"काल जास्त बोललो मी," प्रशांत म्हणाला.

"गाडी चांगली चालवतोस," अण्णा म्हणाले. "फक्त क्लचवर पाय ठेवून बसतोस."

त्या घळीत आम्ही तीन तास होतो. पाण्याने घासून गुळगुळीत झालेले खडक, जाड चादरींच्या घड्या एकावर एक ठेवाव्यात तसे त्यांचे थर, मध्ये हिरवं स्वच्छ पाणी. अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसले. तन्वीने त्यांना फोकस कसा करायचा ते परत एकदा शिकवलं. मग ते उठून एकेका खडकावर हात फिरवत हिंडले. "हे सगळं पाण्यानं केलं?" त्यांनी तीनदा तरी विचारलं. वर आलो तेव्हा गाडी होती तशीच उभी होती. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला हात लावला आणि खरोखर आश्चर्य वाटून म्हणाले, "काहीच नाही झालं!" आईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

पुढच्या जानेवारीत आम्ही त्यांना वेरूळला नेलं. दहा नंबरच्या लेण्यात ते एकटेच आत गेले, आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. अर्ध्या तासाने आले. कसं वाटलं, असं प्रशांतने विचारलं. "आत गार आहे," म्हणाले.  गेल्या वर्षी त्यांना पहिला झटका आला आणि लांबचा प्रवास बंद झाला, पण विक्रोळीत खाडीच्या बाजूला ते रोज चालायला जायचे आणि परत येऊन कुठला पक्षी दिसला ते आईंना सांगायचे.

कच्छचे फोटो कॉम्प्युटरवर टाकू टाकू म्हणता राहूनच गेले होते. मागच्या रविवारी प्रशांतने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून टीव्हीला जोडलं. आम्ही चौघं बघायला बसलो.  पहिल्या तीन दिवसांच्या सगळ्या फोटोंत आमच्या पाठी होत्या. विहिरीकडे जाणारे आम्ही, समुद्राकडे जाणारे आम्ही, लहान लहान होत गेलेले, आणि पुष्कळ फोटोंत कडेला गाडीच्या दाराचा तुकडा. आई हळूच म्हणाल्या, "कुणाचंच तोंड नाही गं यात." प्रशांतने रिमोट खाली ठेवला. उठून गॅलरीत गेला, थोड्या वेळाने परत आला, आणि त्याने पुढचा फोटो लावला.

तिथून पुढे घळ सुरू झाली. खडकाचे फोटो मोजकेच. बाकी सगळे चेहरे. तोंडावर पाणी मारणाऱ्या आई. काहीतरी ओरडणारी तन्वी, तिचे दात, तिचं कपाळ. ओणवा होऊन बाटली भरणारा प्रशांत, वर बघून हसताना. आणि एक माझा. हसतेय, केस तोंडावर आलेत, आणि फोटो इतक्या जवळून काढलाय की जरा हललाय. अण्णा तेव्हा माझ्या एवढ्या जवळ येऊन उभे होते, हे मला कळलंही नव्हतं.