दाजींच्या ओट्यावरची शाळा

आमच्या दाजींइतकं मोठ्यानं वाचणारा माणूस सबंध सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं; एका गावाला असा एकच माणूस सोसतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्कलकोट रोडला त्यांचा चादरींचा लहानसा कारखाना होता. उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं हळू बोलायचं असतं हेच ते विसरून गेले होते. जेवताना मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन दारात यायची. मला बघायला एक स्थळ आलं होतं, तेव्हा दाजींनी माझ्या कानाशी येऊन, अगदी गुपचूप म्हणून, सांगितलं, "मुलगा जरा बुटका हाय, पण स्वभावानं बरा वाटतो." त्यावर बाहेरच्या खोलीतून मुलाच्या वडिलांनी आपल्या घराण्यातल्या उंचीबद्दल खुलासा सुरू केला. ते स्थळ मोडलं, आणि नंतर त्या मुलाची कीर्ती कानावर आली तेव्हा मी दाजींना घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली.

अशा माणसाला वाचनाचं वेड असावं, ही देवाची गंमत. पुस्तकं मात्र ते दुकानातून कधी घेत नसत. मंगळवार पेठेतल्या एका रद्दीवाल्याकडं जायचे आणि वजनावर घेऊन यायचे. घासाघीस अशी करायचे की रद्दीवाल्यानं वर दोन मासिकं फुकट द्यावीत. त्यामुळं त्यांच्या घरातल्या निम्म्या पुस्तकांना पुठ्ठा नव्हता, कितीकांना पहिली पानं नव्हती, आणि लेखक कोण हे तर विचारायचंच नाही. मी कधी टोमणा मारला तर म्हणायचे, "बरंच हाय की. नाव वाचलं की माणूस आधीच मत करून बसतो." मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळं पुस्तकाला नाव असावं, लेखक असावा आणि शेवटी स्वाध्याय असावा अशी माझी ठाम समजूत होती. आमचं यावरून दर रविवारी वाजायचं.

मग माझी भाची, दाजींची थोरली सुमी, नववीत नापास झाली. तिच्या शाळेत नापास मुलींना वर्गासमोर उभं करून निकाल वाचायची पद्धत होती. त्या दिवसापासून पोरीनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. विचारलं तर मान हलवायची, फार तर "हं" म्हणायची. मी शिकवणी देऊन बघितली, पण भिंतीला शिकवल्यासारखं व्हायचं. दाजींच्या आईला सगळं घर, नातवंडंसुद्धा, अव्वा म्हणायचं. अव्वा एरवी कानडी बोलायच्या, पण हुकूम मराठीत सोडायच्या, म्हणजे माझ्या बहिणीला समजला नाही अशी सबब नको. त्यांनी हुकूम सोडला, "नापास पोरगी घरात ठिवून लोणचं घालायचंय का? वैरागचं स्थळ आलंय. आडतीचं दुकान हाय, खाऊन पिऊन सुखी. देऊन टाका." सुमी तेव्हा पंधराची होती. ताई स्वयंपाकघरात डोळे पुसत बसली. आणि दाजी म्हणाले, "शाळेत न्हाय जमलं तर घरात जमंल. मी शिकिवतो." एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले? हिच्या सोबतीला म्हणून त्यांनी धाकट्या मल्लूलाही सातवीतून काढलं. मल्लूचं काही बिघडलेलं नव्हतं, पण कारखान्यातला माणूस एका चादरीसाठी माग सुरू करत नाही.

बऱ्याच रागारागीनंतर अव्वांनी अट घातली. तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्या थांबतील. तोवर पोरीनं आपल्या तोंडानं 'मला शिकायचंय' असं सांगितलं तर ठीक, नाहीतर वैरागला होकार. ताई मला म्हणाली, "अगं, पोरगी तहान लागली तरी तोंडानं सांगत नाही, हे कुठून सांगणार?"

दाजींची शाळा ओट्यावर भरायची. कारखान्यातून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा, आणि मांडीवर पुस्तक घेऊन सुरू. पहिल्या दिवशी पान संपलं तेव्हा मल्लूनं विचारलं, "अप्पा, हे परीक्षेला येणार काय?" परीक्षाच नाही म्हटल्यावर तो उठून गोट्या खेळायला गेला. सुमीची तऱ्हा निराळी. दाजींनी पुस्तक मिटून विचारलं, "काय झालं, सांग बघू गोष्टीत." तर ती खाली मान घालून अख्खं पान घडाघडा म्हणून मोकळी. स्वल्पविराम आला की थांबायची, पूर्णविराम आला की श्वास घ्यायची. तिला वाटलं, हेच हवं असणार. इतकी वर्षं वर्गात तिच्याकडून हेच तर मागितलं होतं. दाजी मात्र घाबरून माझ्याकडं आले. "अगं, पोरगी बोलतीय आन् आत कुणीच न्हाय," असं ते म्हणाले. मला त्या दिवशी हसायला आलं नाही.

मग त्यांनी खळीचा सिद्धांत काढला. नव्या चादरीत खळ असते, ती अंगाला टोचते. आधी भिजवून, धुऊन खळ काढावी लागते, मग ती चादर माणसाची होते. पोरं तशीच, मोठ्या पोरात तर शाळेची खळ जास्त. ती उतरेपर्यंत काही शिकवायचं नाही, काही विचारायचं नाही, नुसतं ऐकवत राहायचं. माझ्यासारख्या मास्तरणीला तोंडावर खळ म्हणणारा हा माणूस वर मलाच म्हणायचा, "तू बी बस की भिजायला." मी बसायचे. दाजी वाचायचे मात्र झकास, हे कबूल करायला हवं. त्यांच्या तोंडी राजा, चोर, सासू, बैल सगळे एकाच पट्टीत ओरडायचे, तरी कोण बोलतंय ते बरोबर समजायचं.

त्या आवाजाचा एक परिणाम कुणी धरलाच नव्हता. समोरच्या चाळीत तेलुगू बायका दारात बसून विड्या वळायच्या. त्यांच्यातली नरसम्मा एक दिवस आपलं सूप घेऊन अलीकडं येऊन बसली, पाठोपाठ बाकीच्याही आल्या. मांडीवर सूप, हातात तेंदूपान, आणि कान दाजींकडं. वाचताना दाजींना खोकला आला तर नरसम्मा दटावायची, "मंग काय झालं ते सांगून खोका." अव्वा या असल्या नादाला नावं ठेवत आतच बसायच्या, पण रोज संध्याकाळी त्यांची वाती वळायची जागा बरोबर दाराच्या आड आली. मल्लूनं गणपतीनंतर शाळेत परत जायचा हट्ट धरला. त्याला तिथली मधली सुट्टी हवी होती. दाजींनी कुरकुर न करता त्याला पोचवलं आणि म्हणाले, "त्याला टोचतच नव्हती, तर उगं कशाला धुवायची?"

सुमीनं पानं पाठ म्हणणं सोडलं होतं. आता ती ओट्याच्या खांबाला टेकून नुसती ऐकत बसायची. पण बोलणं नाही ते नाहीच. दिवाळी झाली. वैरागहून निरोप आला. मी जिभेला हाड नसल्यासारखी म्हणाले, "दाजी, खळ उतरली खरी, पण आता कापड दिसू द्या." ते पुस्तक उचलून आत निघून गेले. असा माणूस गप्प झाला की घर बंद पडल्यासारखं वाटतं.

त्या दिवसांत एका होडीवाल्याच्या मुलीची कादंबरी चालली होती. बाप आजारी, भाऊ नदीपलीकडं अडकलेला, पूर चढतोय. शेवटी पोरगी एकटीच होडी पाण्यात लोटते, आणि... दाजींनी पान उलटलं. पुढं पानच नव्हतं. उलटून पालटून बघितलं, पुस्तक झटकलं, खाली वाकून सतरंजी बघितली. वजनावर पुस्तकं घेणाऱ्या माणसानं शेवट आहे का हे कधी तपासलंच नव्हतं. ती पानं रद्दीवाल्याकडून कुठल्यातरी दुकानात जाऊन शेंगाचटणीच्या पुड्या झाली असणार. नरसम्माच्या हातातली विडी अर्धवट राहिली. "असं कसं? पोरगी पाण्यात सोडून उठता काय?" म्हणून सगळ्या बायका भांडायला उठल्या. दाराआडून अव्वांचा आवाज आला, "मुंद एनायतु?" म्हणजे, पुढं काय झालं? सहा महिने आपण ऐकत नाही असं दाखवणाऱ्या अव्वा उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. दाजींना घाम फुटला.

तेवढ्यात सुमी बोलली. अगदी हळू. ऐकायला बायकांना पुढं सरकावं लागलं. "होडी पहिल्यांदा मागंच ढकलली गेली," ती म्हणाली. "मग तिला आठवलं, बाप पुरात सरळ जायचा नाही, काठाकाठानं वर जायचा आणि मग प्रवाहाबरोबर तिरका खाली यायचा." सांगता सांगता तिची मान वर आली. भाऊ सापडला, दोघं परतली, आणि दुसऱ्या दिवशी गावातली माणसं काठावर आली तर वल्हं पोरीच्या हातात. बाप खाटेवरून नुसता बघत होता. सुमी थांबली.

"आन् लगीन?" अव्वांनी विचारलं. "येवढी थोराड पोरगी, लगीन कुणी केलं का न्हाई तिचं?"

सुमीनं अव्वांकडं बघितलं. "तिला आधी होडी चालवायची होती," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि मला आधी शिकायचंय, अव्वा. वैराग नको."

अव्वा लेकाला कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि आत गेल्या. दाजींनी नंतर सांगितलं, वैरागला नकार कळवायला सांगितलाय, आणि यापुढं पुस्तक आणताना मागची पानं मोजून आणायला सांगितलंय.

सुमी बाहेरून मॅट्रिकला बसली आणि पास झाली. गणितात काठावर, मराठीत भरघोस. मग पुण्याला कॉलेजात जायचं ठरलं. दाजींनी तिच्यासाठी कारखान्यातली सगळ्यात मऊ चादर काढली आणि स्वतः स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले तर दाजी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेले, बायका सूप मांडून समोर. वाचायला लागले. एक ओळ झाली, दोन झाल्या. ते मधेच खांबाकडं बघायचे आणि पुन्हा पुस्तकात बघायचे. आवाज खाली खाली जायला लागला. मी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

नरसम्मानं हातातली विडी खाली ठेवली. "मोठ्यानं वाचा की हो," ती म्हणाली. "काय ऐकू येईना."

त्यांना असं कुणी सांगायची ही पहिलीच वेळ असेल. दाजींनी घसा खाकरला, चष्मा पुसला, आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.