होडी आली, हळू

संगीत ही आत्म्याची भाषा आहे, असे आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर ऑइलपेंटने लिहिले आहे. ही भाषा पहिलीच्या मुलांना शिकवायला आमच्याकडे एक बाई होत्या. आत्म्यापर्यंत त्या कधी पोचल्या नाहीत; त्यांचा तास होडीतच संपायचा.

मूल सूर बरोबर लावून शाबासकीच्या आशेने बघू लागले, की बाई पेटीवरचा हात काढायच्या. "सूर लागला. पण सांगितलंस काय?"

माझा मराठीचा वर्ग शेजारी. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझे अर्धे लक्ष पलीकडे असे. गाणे म्हणजे 'होडी आली' एवढे दोनच शब्द, चालही एकच.

"बाबा वादळातून परत आलेत. गा." मुले गायची आणि कौले हलायची.

"आता होडी आलीय, पण जाळं रिकामं."

मिरकरवाड्याच्या मच्छीमार वस्तीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्याकडे आधी फोन येतो."

"फोन आल्यावर आई कशी बोलते गो? तसं गा."

ती तसे गायली. मी खडू हातात धरून ऐकत राहिलो.

अवघड होते ते तिसरे. होडी आली, पण घरात बाळ झोपलंय. आमची मुले गाणे शिकतात गणपतीच्या आरतीत, आणि आरती शेजारच्या वाडीत ऐकू गेली नाही तर ती झालीच नाही असे इथे मानतात. हळू म्हटले की मुले शब्दच गिळायची. "आवाज लहान करा, आनंद नको," बाई म्हणायच्या. हे कसे करायचे, ते मलाही बघायचे होते.

संस्थेच्या अध्यक्षांना मात्र बघायचे नव्हते. "बाई, पोरांना गप्प करायला शिपाई आहे की. गॅदरिंगला काय ते दाखवा, नाहीतर हा तास संगणकाला जाईल."

गॅदरिंगला पहिल्या दोन होड्यांना टाळ्या पडल्या. तिसरी सुरू झाली आणि मागे वडापाव खाणारेही थांबले. पुढच्या रांगेतून अध्यक्षांनी माईकवाल्याला हात केला, "अरे, माईक गेला बघ." त्याने आवाज वाढवला, स्पीकर किंचाळला. मिरकरवाड्याच्या त्या मुलीने गाणे न थांबवता ओठांवर बोट ठेवले आणि सरळ अध्यक्षांकडे पाहिले. त्यांचा हात खाली आला. माईकवाल्याने आवाज होता तिथे नेला. गाणे संपले तरी टाळ्या वाजवायचे कोणाला सुचेना.

विंगेत बाई पुटपुटल्या, "सांगितलंन हो पोरीनं."

तास वाचला, बाई निवृत्त होईपर्यंत. आता त्या केळशीला असतात. शाळेतल्या त्यांच्या खोलीत संगणक आले, आणि भिंतीवरच्या वाक्याला नवा रंग दिला आहे.

संगणकांना स्पीकर अजून आलेले नाहीत.