अर्जात न मावलेलं

"वाचून दाखवलं हुतं का न्हाय? तू हूं हूं करत हुतीस का न्हाय?"

"मला वाटलं अर्जच वाचताय!"

"बारा पानांचा अर्ज आसतो व्हय, आक्का?"

"मला काय ठावं किती पानांचा आसतो? तुमी वाचणार, आमी अंगठा उठवणार. आन् वाचताना तुमचा सूर बी तसलाच, जप केल्यागत. माझं ध्यान भिगवणच्या एश्टीकडं. सिदू का फिदू, कुणाचं तरी नाव आलं. म्हटलं, दुसऱ्याचा कागद आसंल."

इंदापूरच्या कचेरीच्या आवारात, लिंबाखाली, पत्र्याच्या टेबलामागं बसलेले ते सावळाराम कोकरे. टेबलावर दोन्ही हात आपटून उभी राहिलेली ती भिगवणकडची बानूबाई. शहाण्णव सालची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मागं उभी असलेली माणसं आपापले कागद सांभाळत मजा बघत होती.

सावळातात्या अर्ज लिहायचे. बाप मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालला. पोरगा सातवी फायनल झाला आणि लिंबाखाली बसला तो बसलाच. वारसनोंद, नावात दुरुस्ती, रेशनकार्ड. कुणाचंही रडगाणं त्यांच्या टेबलावर आलं की 'सबब विनंती अर्ज' होऊन उतरायचं. लिहून झालं की ते एका सुरात वाचून दाखवायचे. मग खाली ओळ, 'वाचून दाखवले, मजकूर मान्य', आणि शेजारी जांभळा अंगठा. त्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, हा नेम.

पण माणसं काय अर्जापुरती बोलतात? नाव कमी करायला आलेली बाई सुनेवर जाते, गाभण म्हशीवर जाते, कुणी तरी तीस वर्षांपूर्वी बोललेल्या शब्दावर येऊन रडते. "एवढं लागत न्हाय, बाई," तात्या म्हणायचे. ती गेली, की ते न लागणारं सगळं वहीत उतरवायचे. त्यातून कादंबरी करायची होती त्यांना. अकरा वर्षं करत होते. तीनदा पुण्याला गेली, तीनदा परत आली. एका प्रकाशकानं ओळभर लिहायची तसदी तरी घेतली: 'आपली पात्रे बोलत नाहीत, निवेदन सादर करतात.'

तात्यांनी ते पत्र बायकोला, प्रयागबाईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "खोटं काय हाय त्यात? मला तरी कवा सरळ हाक मारलीय तुमी?"

सुधारायला ते कमी झटले नाहीत. पात्राला राग आला असं लिहिलं तर राग दिसायचा नाही, आणि ते वाक्य खोडलं तर पानावर काहीच उरायचं नाही. मध्येच सूर्यास्त घालून पाहिला. तो शाळेतल्या निबंधातला निघाला.

मग गेल्या उन्हाळ्यात बानूबाई आली. नवरा, बिरदेव, दोन वर्षांपूर्वी उजनीच्या पाण्यात बुडून गेलेला. रेशनकार्डावरचं त्याचं नाव काढायचं होतं. दोन ओळींचं काम. बानूबाई तासभर बोलली.

मुलगा मानसिंग हट्टाला पेटला होता: मेंढरं विका, टेंपो घेऊ, भिगवणची मासळी वाहू. बिरदेवनं कळप विकला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्यावर तरंगताना सापडला. पाय घसरला, असं बानूबाईनं जगाला सांगितलं. पण काठावर आधी तीच पोचली होती. तिथं घोंगडं चौपदरी घडी करून ठेवलेलं, वर काठी आडवी. "पाय घसरणारा माणूस घडी घालतो व्हय, तात्या?" तिनं घडी मोडली, घोंगडं चिखलात लोळवलं आणि मगच हंबरडा फोडला. बापाला आपणच घालवलं, असं पोराला जन्मात वाटू नये म्हणून.

दोन वर्षं पोटात धरलेलं ती तात्यांना सांगून बसली. का, तर अर्ज लिहिणाऱ्यासमोर माणूस आडपडदा ठेवत नाही.

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. तिच्याच शब्दांत लिहीत गेले. ती थांबली तिथं थांबले, ती अडखळली तिथं अडखळले. अकरा वर्षांत पहिल्यांदा वहीत माणूस बोललं. बिरदेवचा सिदू केला, गाव बदललं. कळपाच्या पुढं चालणारा एककानी मेंढा तेवढा बदलेना. त्याचं नाव सरदार. दुसरं कुठलंही नाव दिलं की अख्खं प्रकरण लटकं वाटायचं. तीनदा खोडून तात्यांनी तीनदा पुन्हा 'सरदार'च लिहिलं.

चार दिवसांनी बानूबाई अर्जाच्या साफ प्रतीवर अंगठा द्यायला आली. तात्यांनी अर्ज वाचला, आणि त्याच दमात, त्याच सुरात, ती बारा पानंही. खाली ओळ. शेजारी अंगठा. आता कागद पक्का झाला, असं त्यांना मनापासून वाटलं.

बारामतीच्या एका दिवाळी अंकात प्रकरण छापून आलं. पाठोपाठ पुण्याहून पत्र: हीच सुरुवात ठेवा, बाकीची कादंबरी याच बोलीत लिहा, आम्ही काढतो. ते पत्र तात्या सदऱ्याच्या खिशात घालून हिंडत होते.

आणि मानसिंग आला. भिगवणच्या एका हॉटेलात कुणी तरी अंक मोठ्यानं वाचत होतं. सरदार मेंढ्याचं नाव ऐकून त्यानं हातातला चहा तसाच ठेवला, अंक मागून घेतला आणि टेंपो थेट इंदापूरला आणला. टेबलासमोर येऊन एवढंच म्हणाला, "तात्या, ह्ये मनानं रचलं का खरं हाय?"

अकरा वर्षांत विचारायला आलेला हा पहिला वाचक. रचलं म्हणायचं तात्यांच्या जिवावर आलं. ते ताठ बसले.

"अक्षर न् अक्षर खरं."

आणि पेटीतून कागद काढून त्याला आईचा अंगठा दाखवला.

"आठ दिस झालं," बानूबाईचा आवाज आता फाटला होता, "टेंपो दारात उभा हाय. त्या दिशी घरी येऊन एकदाच बोलला. तवापास्नं मुका हाय. ताटावर बसतो, तसाच उठतो. तात्या, चला माझ्यासंगं. त्याला म्हणा, रचलेलं हाय. म्हातारी तसलं कायबी बोलली न्हाय म्हणा."

"आन् अंगठा?"

"न ऐकता उठवला म्हणा. येडी हाय म्हणा. कायबी म्हणा!"

"आक्का, पुस्तक यायचंय. त्या लोकांनी ह्याच प्रकरणावर..."

"अकरा वरसं मनचं लिवलं, तवा कुणी इचारलं न्हाय तुमाला. आता एक खोटं माझ्यासाठी बोला की!"

मागं कुणी तरी हसलं. दुसऱ्यानं त्याला कोपरखळी मारली.

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मान वर होईना. शेवटी त्यांनी समोरचं स्टूल पुढं ओढलं.

"बस, आक्का. येतो मी. काय सांगायचं ते आधी ठरवू."

ती बसली. तात्या वाकले. आवाज खाली आला, मायेचा म्हणावा इतका.

"त्या दिशी घरी आल्यावर मानसिंग काय म्हणाला? नेमकं कसं म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग."

बोलता बोलता हातानं वही उघडली होती.

बानूबाईनं वहीकडं पाहिलं. मग तात्यांकडं. ती उठली, पदर डोक्यावर ओढला, आणि माणसांमधून वाट काढत फाटकाबाहेर निघून गेली.