आक्काताईंच्या सशांचे दोरे

शाहूपुरीत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं जनावर सांगायचं आणि मी खोक्यातून औषध काढून द्यायचं. म्हशीला एवढं, शेळीला त्याच्या पावपट, कोंबडीला चिमूटभर. वीस वर्षं असं चाललं होतं आणि मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. त्यामुळं उलट प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग यायचा.

आक्काताई कांबळे सत्त्याण्णव साली हुपरीच्या बसनं आल्या त्या प्रश्न घेऊनच. पैंजणांच्या घुंगरांना डाख लावायचं, म्हणजे चांदी चांदीला जोडायचं काम त्या घरी बसून करत. पंचवीस वर्षं त्या धुरात बसून त्यांची छाती भरली होती. चार वाक्यं बोलल्या की मध्ये एकदा खोकायच्या. कुणा नातलगानं दिलेल्या सशांच्या जोडीची वर्षभरात तीस जनावरं झाली होती. ससे नीट वाढले तर डाखाचं काम कायमचं सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आणि आता नुकतीच दूध सुटलेली चौदा पिल्लं शिंकायला लागली होती.

नाकाला पांढरा शेंबूड, आणि तो पुसून पुसून पुढच्या पायांची लव चिकट झालेली, असं सगळं त्यांनी बारकाईनं सांगितलं. मग विचारलं, ससा शिंकतोय तर खोकत का नाही? मी म्हणालो, औषध पाहिजे का शाळा? आणि अ‍ॅम्पिसिलिनच्या कॅप्सूल काढून दिल्या. सशाला किती द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. नेहमीसारखा वासराचा डोस मनातल्या मनात वाटून मी एक आकडा ठोकून दिला. माझ्या थोरल्या पोरीला, जोयाला, सर्दी झाली की तिचे डॉक्टर याच जातीचं औषध द्यायचे. लेकराला चालतं ते सशाला का चालणार नाही, असा माझा हिशोब.

आठव्या दिवशी त्या परत आल्या. भांडायला आल्या असतील म्हणून मी आधीच आवाज चढवायच्या तयारीत होतो. पण त्यांनी पिशवीतून लाल दोऱ्याचे नऊ तुकडे काढले आणि काउंटरवर एकाशेजारी एक मांडले.

हुपरीत माल बऱ्याच हातांतून जातो. कुणाचा जोड सुटला ते कळावं म्हणून त्यांच्या घरी प्रत्येकीच्या मालाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची रीत होती. त्यांची दुसरी रीत अशी, की नवा डाख आला तर सगळा माल त्याच्यावर घालायचा नाही, दोन-चार जोड्या मागं ठेवायच्या. तीच रीत त्यांनी सशांना लावली होती. अकरा पिल्लांच्या पायाला सैल लाल दोरा बांधून माझं औषध पाजलं. तिघांना पांढरा दोरा बांधून काहीच दिलं नाही. लाल दोऱ्यांची नाकं दोन दिवसांत सुकली. तिसऱ्या दिवशी त्यांनी चारा सोडला, चौथ्या दिवसापासून पातळ हगवण लागली आणि नऊ गेली. पांढरी तिन्ही अजून शिंकत होती.

"औषध न घेतल्याली जित्ती हायत," आक्काताई म्हणाल्या. "मग मारलं कुणी, पावणं?"

मी रोगाचं नाव घेतलं, हवेचं घेतलं, ससा नाजूक असतो म्हणालो. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "माझ्या आधी किती जणांनी सशाला हे नेलं?"

मी कधी मोजलंच नव्हतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, तो बहुधा स्वतःचाच. मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांना घेऊन हातकणंगल्याला हंबीररावांकडं गेलो. ते जनावरांचे निवृत्त डॉक्टर. मी काय दिलं ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हा, म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. सशाच्या पोटात गवत पचवणारे कोट्यवधी चांगले जंतू असतात, ससा त्यांच्याच जिवावर जगतो. अ‍ॅम्पिसिलिनसारखं पेनिसिलिनच्या कुळातलं औषध तोंडावाटे गेलं की ते मरतात, मोकळ्या जागेत वाईट जंतू माजतात आणि त्यांचं विष सशाला मारतं. नाक बरं होतं आणि ससा मरतो.

"त्याला ओकून टाकता येत न्हाय व्हय?" आक्काताईंनी विचारलं.

ससा ओकूच शकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हंबीररावांनी पुढच्या दोन औषधांचा विचार त्यांच्यासमोरच मोठ्यानं केला. एनरोफ्लॉक्सॅसिन सशाच्या पोटाला सोसतं, पण वाढत्या पिल्लांच्या सांध्यांची त्यात काळजी असते. म्हणून आधी सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम एकत्र असलेलं पातळ औषध द्यायचं, पाणी भरपूर ठेवायचं आणि लेंड्या रोज बघायच्या. डोस मात्र वजनावर, अंदाजपंचे नाही. आता एवढ्याशा पिल्लाचं वजन कशावर करणार, असं ते पुटपुटले. आक्काताई पहिल्यांदाच हसल्या. चांदी तोलायचा काटा त्यांच्या घरातच होता.

राहिलेली पाच पिल्लं त्या काट्यावर बसली आणि हंबीररावांनी प्रत्येकाचा वेगळा डोस लिहून दिला. आक्काताईंनी चौघांनाच औषध सुरू केलं. सगळ्यात कमी शिंकणारं एक पुन्हा मागं ठेवलं. मी चिडलो, म्हणालो, आता डॉक्टरांवरसुद्धा विश्वास नाही का? त्यांनी सांगितलं की विश्वास आहे, पण तुमच्यावरही होता. चौथ्या दिवशी चौघांच्या लेंड्या गोल आणि कोरड्या बघून त्यांनी पाचव्यालाही औषध दिलं. पाची जगली.

तरी त्यांचं समाधान होईना. शिंका सुरू होतात कुठून, हे त्यांना हवं होतं. पुढच्या वेताला त्यांनी खुराड्याच्या कप्प्यागणिक दोऱ्याचा रंग बदलला. खालच्या कप्प्यातली पिल्लंच आधी शिंकतात, हे दोन महिन्यांत दिसलं. तिथं मुताचा उग्र वास साचायचा आणि शेजारीच पैंजण उजळायचं आम्लाचं भांडं असायचं. त्यांनी खुराडं परसात उघड्यावर नेलं. शिंका पुरत्या थांबल्या नाहीत, पण औषधासाठी बस धरून येणं क्वचित उरलं.

दोन हजार साली त्यांनी डाखाचं काम सोडलं. हे सांगायला त्या मुद्दाम दुकानात आल्या. मी म्हणालो, सशांनी तुम्हाला सोडवलं. त्या म्हणाल्या, "सशाचं नाक झोंबतंय म्हणून खुराडं हलवलं, आन् मी तितंच बसून राहिले की. माझं नाक कुणी बघितलं?" आणि मग बराच वेळ खोकत राहिल्या. छाती काही परत कोरी झाली नाही, दोन हजार सहा साली त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

ते नऊ लाल दोरे मी अ‍ॅम्पिसिलिनच्या खणाच्या कडीला बांधले आहेत. नवीन गिऱ्हाईक विचारतं, नवस आहे का? मी खण उघडत नाही. आधी विचारतो, औषध कुणासाठी, वय किती, वजन किती. वैतागून निघून जाणारे आहेत, जाऊ देत. पूर्वी सशाचं औषध नेलेलं गिऱ्हाईक पुन्हा दिसलं नाही की मी खूश व्हायचो. म्हणायचो, गुण आला असेल.