मामाने जोडलेला पाइप

तुम्ही थोड्या वेळापूर्वी हात धुतले असतील, तर एक सांगा: ते पाणी गेलं कुठे? जाळीतून खाली गेलं, एवढंच ना? त्यापुढचं तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या मामाला ठाऊक असायचं. अडतीस वर्षं त्याने प्लंबिंग केलं आणि तेवढी वर्षं तो हाच प्रश्न लोकांना विचारत फिरला. पाहुणा म्हणून गेला तरी विचारायचा. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, तेव्हा हा मुलीकडच्या न्हाणीघरात उकिडवा बसून खिशातली काचेची गोटी फरशीवर सोडत होता. गोटी जाळीकडे जायची सोडून भिंतीकडे गेली. बाहेर येऊन बैठकीत म्हणाला, "माणसं चांगली आहेत, उतार चुकलाय." माझे सासरे ते अजून विसरलेले नाहीत.

वडील गेल्यावर मामानेच मला सांभाळलं. शाळा सातवीत सुटली. पुढचं मी रद्दीच्या दुकानातली कायद्याची पुस्तकं वाचून शिकलो. आज गटारात उतरणाऱ्या कामगारांची संघटना चालवतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतात. असतो. त्याबद्दल मी कुणाची माफी मागितलेली नाही. मामाचा ताठा मात्र एकाच गोष्टीचा. "माझा एक जॉइंट गळताना दाखव," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सत्तरीला आला तरी ते दिवसातून एकदा ऐकावंच लागायचं.

टेकडीवरचं ते कॉलेज तीनशे वर्षांचं. धर्मगुरूंनी बांधलेलं, जाड भिंतींचं, लांबलचक व्हरांड्यांचं. त्याच आवारात जुनं चर्च आहे. तिथे दूरदूरचे लोक पायऱ्या चढून मेणबत्त्या घेऊन येतात. मी पत्र घेऊन गेलो होतो. चौथं.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून गटाराचं एक खोल चेंबर आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्या संघटनेतला लंबू त्यात उतरला होता. दोर नाही, आत हवा सोडायला पंखा नाही, वर एकच माणूस, तोही काडेपेटी शोधत. लंबू खाली गेला, आतल्या वायूने गुदमरला आणि त्याने बसकण मारली ती मारलीच. वरच्याने पोटावर पडून हात घातला, कॉलर धरली, शर्ट फाटला, शेवटी केसांना धरून ओढला. जगला. पण आता कामावरून घरी जाताना त्याची गल्ली चुकते. बायको कोपऱ्यावर उभी राहते.

माझी मागणी सरळ होती. दोर, पंखा आणि वर दोन माणसं असल्याशिवाय त्या चेंबरचं झाकण उघडायचं नाही, एवढं प्राचार्यांनी लिहून द्यावं. मामाला बरोबर घेतलं, कारण बावीस वर्षांपूर्वी तिथल्या पाइपांचं काम त्याने केलं होतं. चेंबर किती खोल, कुठली लाइन कुठून येते, हे त्याला तोंडपाठ.

प्राचार्य फादर वर्गावर होते. "तास संपेपर्यंत चर्च बघून घ्या," शिपाई म्हणाला. मला काडीचा रस नव्हता. मामा म्हणाला, "चल रे, माझं काम कसं टिकलंय ते तरी बघू."

चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे चावीबाबा म्हणतात. ते पाचसहा भाविकांना फिरवून दाखवत होते, आम्ही मागे लागलो. शेवटी वेदीच्या मागची खोली. भिंतभर कपाट, रुंद ड्रॉवरांत घड्या घातलेले झगे, मेणाचा आणि पॉलिशचा वास. कोपऱ्यात हातभर रुंदीचं एक दगडी बेसिन, त्यावर पितळी झाकण. चावीबाबांनी ते दोन्ही हातांनी उचललं.

"प्रार्थनेनंतर चषक धुतात, वेदीवरची कापडं धुतात. त्याचं पहिलं पाणी इथे ओततात. त्यात प्रभूचा एखादा कण असू शकतो. म्हणून हे पाणी गटारात जात नाही, सरळ खाली मातीत मुरतं. तीनशे वर्षांत एक थेंबसुद्धा गटारात गेलेला नाही."

एका बाईंनी डोळे मिटून छातीवर क्रूस केला. मामाने माझा दंड इतका घट्ट धरला की मला वाटलं, याला काहीतरी होतंय. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"काय होतंय? बसतोस?"

"ते मी जोडलंय," तो कुजबुजला.

"काय?"

"गटाराला. मी जोडलंय."

भाविक बाहेर सरकले, आम्ही कोपऱ्यात राहिलो आणि त्याने तुटक तुटक सांगितलं. तेव्हा भिंतीला ओल आली म्हणून त्याला बोलावलं होतं. फरशी काढली तर बेसिनखाली वीतभर पाइप आणि पुढे काहीच नाही. उघडं तोंड, खाली माती. "मला वाटलं, आधीचा कुणीतरी अर्धवट टाकून पळालाय. देवाच्या घरात असलं चोरकाम? मी चार मीटर लाइन टाकली, उतार काढला, मागच्या चेंबरला जोडली. कुणी सांगितलं नव्हतं. फुकट केली."

म्हणजे बावीस वर्षं ते पाणी त्याच चेंबरमध्ये पडत होतं, जिथे लंबू बसला होता.

आधी मला हसू आलं. मग बाकीचं लक्षात आलं. चार थेंब पाणी गटारात जाऊ नये म्हणून तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार केला, आणि त्याच भिंतीपलीकडे जिवंत माणूस गटारात सोडताना साधा दोर नाही. पण मी रस्त्यावरच्या भांडणांत मुरलेला माणूस, दुसऱ्या क्षणी डोकं हिशोबाने चालायला लागलं. मामा आत्ता बोलला, तर हे लोक म्हणतील, तुमच्याच माणसाने आमचं चर्च बाटवलं, आणि पत्र टोपलीत जाईल.

"मामा, गप्प राहा. आज नाही."

"मग कधी?"

"फादरची सही झाल्यावर."

"तो म्हातारा रोज लोकांना खोटं सांगतोय. माझ्यामुळे."

"त्याला कुठे ठाऊक आहे?"

"मला आहे ना."

चावीबाबा झाकण ठेवायला परत आले. मामाने विचारलं, "बाबा, इथे कधी वास येतो का?"

बाबा ओशाळले. "उन्हाळ्यात येतो हो. उंदीर मेला असेल म्हणून मी सगळी कपाटं कितीदा हलवली. मग धूप वाढवला. फादर म्हणतात, बाबा, तुमच्या धुपाने देवालासुद्धा ठसका लागेल."

मामाला हा दुसरा तडाखा. "पाइपाच्या वळणात पाणी साठून राहतं, ते वास अडवतं," तो म्हणाला. "इथे पाणी पडतं थोडंसं. ते सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. बाबा, ही लाइन गटाराला जोडलेली आहे. बावीस वर्षांपूर्वीचा प्लंबर मी. माझं चुकलं."

हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. मामी जन्मभर कान लावून बसली आणि वारली, तिलाही ऐकायला मिळाले नाहीत.

चावीबाबा झाकण हातात तसंच धरून स्टुलावर बसले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ते झालं असतं तर मला तोंड द्यायला जमलं असतं. एवढंच म्हणाले, "परवाच माझ्या नातीला दाखवलं मी." मग उठून बेसिनमध्ये वाकून बघितलं, जसं काही खालचं दिसणार होतं.

फादर आले. मामाने सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द गाळला नाही. फादरांचा चेहरा उतरला. माझ्या हातातल्या पत्राकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "उद्या दुरुस्त होईल?"

"होईल," मामा म्हणाला. "पण जोड चेंबरच्या आतून बंद करावा लागेल. माणूस उतरवावा लागेल."

"मग उतरवा."

"दोर कुठाय?"

फादरांनी चावीबाबांकडे बघितलं.

"दोर, पंखा, वर दोन माणसं," मामा म्हणाला. "आणि हे फक्त उद्यापुरतं नाही, कायमचं. लिहून द्या. नाहीतर मी हात लावणार नाही, आणि या शहरातला दुसरा कुणी लावणार नाही, एवढं हा माझा भाचा बघेल."

दहा मिनिटांत कागद तयार झाला. शब्द माझ्याच पत्रातले होते, वर कॉलेजचं नाव. फादरांनी सही केली आणि माझा संयम सुटला. "पाण्यासाठी दहा मिनिटं, फादर. लंबूसाठी दोन महिने."

त्यांनी पेन खाली ठेवलं. टेबलाकडे बघत म्हणाले, "तुमची पत्रं मी वाचली होती."

वाचली नव्हती म्हणाले असते तर मी भांडलो असतो. वाचली होती, यावर काय बोलायचं असतं, ते मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. मामाने माझी बाही ओढली. "पुरे आता. शाई वाळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा लावला, तासभर हवा सोडली, आमचा एक जाणता गडी उतरला आणि त्याने जोड बंद केला. वर दोर धरायला माझ्या जोडीला लंबू आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने दोराचे दोन वेढे मनगटाला घेतले आणि खालचा माणूस वर येईपर्यंत नजर हलवली नाही. मग वेदीमागच्या खोलीत मामाने फरशी काढली, स्वतःचीच लाइन कापली, पाइपाचं तोंड होतं तसं मातीवर सोडलं. मग तांब्याभर पाणी ओतलं आणि जमिनीला कान लावला.

"गेलं."

"कुठे?" चावीबाबांनी विचारलं.

"मातीत."

"पुन्हा सांगा."

"मातीत गेलं, बाबा."

चावीबाबांनी स्वतः हातोडी आणून मागच्या भिंतीत खिळा ठोकला आणि दोर त्यावर टांगला. आता भाविकांना ते सांगतात, की मध्ये बावीस वर्षं चूक झाली होती. प्लंबरचं नाव सांगत नाहीत. मामाने जॉइंट गळताना दाखवण्याचं आव्हान देणं सोडलंय. गोटी मात्र खिशात आहे.

माझा राग काही गेलेला नाही. कागद कागद असतो, आणि मी रोज टेकडी चढू शकत नाही. तुम्ही कधी तिथे गेलात तर चावीबाबा झाकण उचलून दाखवतील, ते बघा. मग बाहेर येऊन चर्चला मागून वळसा घाला. लोखंडी झाकण दिसेल, शेजारी भिंतीत खिळा. त्यावर दोर आहे का बघा, आणि नसला तर मला कळवा.