धुरावरचं झाकण

दिवेलागणीला मामा अंगणात उदबत्ती पेटवायचे, पण देवापुढे लावायचे नाहीत. हातात धरून तिचा धूर कुठे जातो ते बघायचे. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला, की आत मामींना ओरडून सांगायचे, “आज झाकण हाय गं. खिडक्या लावून घे.”

सांगलीत विश्रामबागेत आम्ही शेजारी राहत होतो. आणीबाणीच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. मामा नात्यातले नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची; मूळचे कोरेगावचे, माझ्याच पाटबंधारे कचेरीत पावसाच्या नोंदी घ्यायचे. पाऊस नसला की करायला काही नसायचं, म्हणून ते धुराच्या मागे लागले, असं आम्ही कचेरीत म्हणायचो. मामींना दमा होता, हे आम्हाला माहीत होतं. तरी म्हणायचो.

चांदणं पडलं, वारा थांबला, की लोक बाहेर गप्पा मारत बसतात. तुम्हीही बसला असाल. मामा मात्र अशा रात्री तोंड पाडून बसायचे. ढग आले की खूश. एकदा त्यांनी मला दोन तापमापकं दाखवली, एक अंगणातलं आणि एक गच्चीवरचं. गच्चीवरचा पारा वर होता.

“ढग न्हाईत, म्हणून जमीन गार पडलीया, वरची हवा ऊबदार हाय,” ते म्हणाले. “मग खालचा धूर वर जाईल कसा? झाकणच बसलं की वो.”

मी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

खरी अडचण दिवाळीची होती. नरकचतुर्दशीला पहाटे चारला गल्लीतल्या चौदाही घरांत बंब पेटायचे. शेणी, करवंट्या, ओली लाकडं, हाताला येईल ते. सूर्य उगवायच्या आत अंघोळ झाली नाही तर नरक, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. आदल्या दिवाळीला मामींना त्या धुरानं दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

त्या वर्षी मामा घरोघर फिरले. “आदल्या दिशी दुपारी पाणी तापवा. तवा वारं असतंय, धूर निघून जातोय. हंड्याला वाकळ गुंडाळून ठेवा.” आधी त्यांनी स्वतः करून बघितलं होतं. पहाटे पाणी कोमट राहतं, असं प्रामाणिकपणे सांगितलंही. सगळे “व्हय व्हय” म्हणाले. मीही म्हणालो.

पण फलटणहून माझी आई आली होती. “सणाला कोमट पाणी?” ती म्हणाली. “येका बंबानं काय हुतंय रं?”

मलाही ते पटलं. पहाटे मी बंब पेटवला आणि दार उघडलं, तर समोरचं घर दिसेना. एका बंबानं काय होतंय, असं चौदापैकी तेरा घरांना वाटलं होतं.

त्या धुरातून मामा मामींना पाठंगुळी घेऊन निघाले होते. मामींच्या छातीची घरघर रस्त्यापलीकडून ऐकू येत होती. गल्लीच्या टोकाला पाण्याची उंच टाकी होती. मामा तिचा जिना चढायला लागले. पन्नाशीचा माणूस, पाठीवर बायको.

आम्ही सगळे अंगाला तेल-उटणं लावलेले, पंचे गुंडाळून टाकीखाली जमलो. कोणीतरी म्हणालं, बंब विझवा. आम्ही धावत जाऊन बंबांत पाणी ओतलं. त्यानं धूर दुप्पट झाला.

“पानी वतू नगा!” वरून मामा ओरडले. “हितं हवा हाय. ऊन येस्तवर आमी बसतो.”

ऊन आलं, धूर उठला, दोघं खाली उतरले. मामी चालत आल्या, दर चार पायऱ्यांना थांबत. माझ्या आईनं फराळाचं ताट पाठवलं, ते मामांनी घेतलंसुद्धा. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती आणि आज इतक्या वर्षांनीही वाटते.

पुढच्या महिन्यात त्यांनी साताऱ्याला बदली मागून घेतली. किल्ल्याच्या उतारावर, गावाच्या वर खोली मिळाली, एवढंच कळलं.

पुढच्या दिवाळीला कोणी कोणाला काही सांगितलं नाही. पहाटे उठून मी दार उघडलं. गल्लीत एकही बंब पेटलेला नव्हता. टाकी खालपासून वरपर्यंत स्वच्छ दिसत होती. शेजारच्या दाराला कुलूप होतं. आत आईनं हंड्याची वाकळ सोडली आणि कोमट पाण्याचा पहिला तांब्या माझ्या डोक्यावर ओतला.